कलम एकच, मुलं दोन

आज निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथे, दोन मुलांशी बोलले. दोघांवरही मोबाइल चोरीचा आरोप. पहिल्याच्या घरी खायची भ्रांत नाही. त्याला वाचायलाच जमत नव्हतं, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, शाळा सुटली आणि चौकातल्या मोठ्या पोरांनी त्याला आपलं म्हटलं. दुसरा व्हाइटनरच्या नशेत अडकलेला; बाप रोज मारतो, आई केव्हाच निघून गेली. पहिल्याला धीराने शिकवणारं माणूस हवं, नवी संगत हवी. दुसऱ्याला आधी उपचार आणि मार नसलेलं घर.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात सामाजिक तपासणी अहवाल (मुलाचं घर, शाळा, परिस्थिती सांगणारा) आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा काळजी आराखडा आहे तो यासाठीच. तरी सगळ्यांना सरसकट एकच समुपदेशन दिलं जातं तेव्हा फार राग येतो. मुलींचं तर आणखी वेगळं, घरातून पळण्यामागे अनेकदा घरातलाच अत्याचार असतो.

हा अहवाल लिहिणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) म्हटलं, "अहवालात नुसतं 'वाईट संगत' लिहू नका, ती का लागली तेही लिहा."

ते म्हणाले, "लिहितो मॅडम. आणि त्या दुसऱ्याच्या मावशीचा पत्ता मिळालाय, सोमवारी जाऊन बोलतो."