‘येतो’चं चित्र काढताना

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर कोण पडतं? कूलरसमोर लोळता लोळता वर्ध्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, टोकी पोना शिकतो का?” कॅनडाच्या सोन्या लँग यांनी स्वतः रचलेली ही भाषा २००१ मध्ये जगापुढे आणली. शब्द जेमतेम सव्वाशे, आणि प्रत्येकाला एकेक सोपं चित्र. ठरलं, आठवडाभर घरातली रामराम-विचारपूस फ्रिजवर चित्रांच्या चिठ्ठ्या लावूनच करायची.

‘टोकी’ म्हणजे बोलणं, आणि नमस्कारही तोच. एक गोल, त्यातून वर निघणाऱ्या तीन रेघा. ‘पोना’ म्हणजे चांगलं. आभारही त्यानंच मानतात. हसऱ्या ओठांसारखी कमान. पण घरात आभार मानतं कोण? ती चिठ्ठी नुसती लटकत राहिली.

‘मी’ म्हणजे चक्क मीच! ‘सीना’ म्हणजे तू. ‘सीना पिलिन सेमे?’ म्हणजे कसा आहेस: तू, हृदय, प्रश्नचिन्ह. भाचा लगेच म्हणाला, “आबांना तू म्हणायचं?” या भाषेत तुम्ही-आपण नाहीच. आबांनीच चिठ्ठीखाली पेनानं लिहिलं, ‘बरा आहे.’

खरं तर आमच्याकडे कसा आहेस असं विचारतात तरी कुठे? “काय करून राहिला बे?” म्हणतात. त्या ‘बे’चं चित्र काही जमलं नाही. ‘जेवला का?’ मात्र झकास जमलं: ‘सीना मोकू आला मोकू?’ म्हणजे तू खाणं-नाही-खाणं? काळ नसल्यानं जेवला, जेवतोस, जेवशील, सगळं एकातच.

गावाचं नाव चौकटीत, दर चित्राच्या शब्दाचं पहिलं अक्षर घेऊन लिहितात. या भाषेत ग नाही, र नाही, म्हणून नागपूरचं ‘नाकापू’ झालं. ‘क’साठी आम्ही ‘किली’, म्हणजे फळ, घेतलं. संत्र्याचं गाव ना!

घोडं अडलं निरोपापाशी. निघणारा म्हणतो ‘मी तावा’. चालत्या पायांचं चित्र. आईनं अर्थ विचारला, आम्ही सांगितला, “मी जातो.”

“शुभ बोल जरा! येतो म्हणावं.”

म्हणून ‘तावा’ खोडून ‘कामा’, म्हणजे येणं, काढलं. टोकी पोना येणारा कुणी ते वाचून म्हणेल, पाहुणे आले वाटतं. पण भाचा वर्ध्याच्या बसला निघाला तेव्हा फ्रिजवर तीच चिठ्ठी होती, आणि आई म्हणाली, “ये. पोचला की फोन कर.”