नाचणीत किंदळ

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात मरडीवर, म्हणजे उंचवट्यावरच्या पावसाळी शेतात, दर मे महिन्यात एक काम ठरलेलं. कोयता घेऊन जायचं, किंदळ नि माट्टी (ऐन) या रानझाडांचे फुटवे जमिनीलगत छाटायचे, मग नाचणीची तयारी. मी वीसेक वर्षं हेच केलं. दरवर्षी छाटायचं नि दरवर्षी ते परत हजर, तरी एवढं मारूनही जे मरत नाही त्याची मुळं खाली केवढी असतील हे काही डोक्यात आलं नाही, आळस म्हणा.

आलं ते नायजर देशाबद्दल वाचताना. टोनी रिनौडो म्हणून ऑस्ट्रेलियाचा शेतीतज्ज्ञ तिथे मराडी भागात रोपं लावून लावून थकलेला, बहुतेक मरून जायची. १९८३ मध्ये वाळूतून जायचं म्हणून टायरची हवा कमी करायला थांबला, बाजूच्या एका झुडपाकडे गेला, पान बघितलं नि लक्षात आलं की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाचा खुंट फुटतोय. म्हणजे लावायचं काहीच नव्हतं, जंगल जमिनीखाली तयारच होतं! मग खुंटावरचे चार-पाच सरळ फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे, खालच्या फांद्या साफ करायच्या आणि मधे बाजरी-ज्वारी चालूच. शेतकऱ्यांनीच एकमेकांचं बघून हे सुमारे ५० लाख हेक्टरवर नेलं.

सवाना, म्हणजे विरळ झाडांचं गवताळ रान, म्हटलं की आपल्याला जिराफ आठवतो. पण आपल्या माळावरचं कुंभ्याचं झाड बघा, जाड साल, वणवा लागला तरी खालून परत फुटतो. वणवा नि कुऱ्हाड दोन्ही पचवणारी ही झाडं, फक्त आपण त्यांना रान म्हणतो. काजू मात्र आपला, तो तर पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला 😄

तर तीन वर्षांपूर्वी एक किंदळाचा खुंट निवडला, मोजले तर सतरा फुटवे होते. चार ठेवले, बाकी उडवले. आईने लांबूनच विचारलं, "झाडाखाली नाचणी? खुळा झालास काय रे?"

पहिली दोन वर्षं काही वाटलं नाही, झाड लहान होतं. गेल्या पावसात मात्र ते डोक्याच्या वर गेलं नि खालची नाचणी नुसती उंच, फिकट, ऑगस्टच्या एका सरीत आडवी. दोन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) घेरातलं पीक गेलं.

चूक माझी, वाचलेलं जसंच्या तसं उचललं. नायजरमध्ये शेतकऱ्यांचं लाडकं झाड म्हणजे गाओ, बाभळीच्या नात्यातलं, ते पठ्ठं ऐन पावसात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं. म्हणजे पिकाला ऊन हवं तेव्हा डोक्यावर काही नाही, वर मुळांतून नत्र, शेंगा गुरांना. आपलं किंदळ नेमकं उलटं, मार्चमध्ये खराटा आणि पावसात भरगच्च. शिवाय तिथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे ३००० च्या वर, ढगांमुळे ऊन आधीच कमी.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग पावसाआधी टहाळ उतरवायची कोणी? मी?" तिच्या लहानपणी माट्टी-किंदळाच्या फांद्या मेमध्ये उतरवायचे, सुकवून तरव्याच्या (रोपांच्या) जागेवर जाळायचे, त्याच राखेत नाचणीचं बी. झाड उभंच, फक्त डोकं भादरलेलं. हा राब मला नावाने माहीत होता, पण तो सावलीचाही इलाज होता हे आज पन्नाशीत कळतंय.

यंदा मेच्या शेवटी अंगठ्याएवढ्या सगळ्या फांद्या उतरवल्या. राब जाळला नाही, पाला तसाच ओळींत पसरला, कारण धूर नको वाटतो आणि या लाल मातीवरून पाऊस सगळं धुऊन नेतो, वर काहीतरी झाकण बरं. जुलैत नाचणी लावली तेव्हा पाल्याखाली बोट घातलं तर माती काळपट, गांडुळंही दिसली, बाजूच्या उघड्या पट्ट्यात नुसते खडे.

शेजारच्या काकांना दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण उद्या झाड मोठं झालं की कापायला परमिशन, म्हणून आम्ही लहानपणीच उडवतो." १९८४ चा वृक्ष कायदा झाडं वाचवायला केलेला, नि त्याच्याच भीतीने खुंट मारले जातात, याला काय म्हणावं. काकांच्या बांधावर माट्टीचे दोन मस्त खुंट आहेत. मी कोयता त्यांच्याकडेच विसरून आलोय, मुद्दाम.