लेकीच्या गृहपाठातला चौथा प्रश्न

मागच्या आठवड्यात लेकीच्या वर्गाची सहल सेंट फेगन्सला जाऊन आली. कार्डिफच्या कडेला असलेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. वेल्समधल्या गावोगावच्या जुन्या इमारती उतरवून इथे आणल्या आणि जशाच्या तशा पुन्हा उभ्या केल्या. त्यात माइस्टिर नावाची छोटी शाळाही आहे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. मुलांना तिथल्या बाकांवर बसवतात आणि हातात पाटी देतात. घरी आली ती बूटही न काढता सांगायला लागली, "आई, तेव्हाची मुलं काळ्या दगडावर लिहायची!"

मी म्हटलं, "मीसुद्धा."

तिचा विश्वास बसेना. १९८९ साली मी पहिलीत गेले तेव्हा माझ्या दप्तरात लाकडी चौकटीची पाटी होती, पेन्सिलीचे तुकडे होते आणि पुसायला ओलं फडकं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून तिला जी वस्तू काचेमागच्या वस्तूसारखी आदबीने दाखवली, ती माझ्या आईने मला बेळगावातल्या शहापूरच्या बाजारातून आणून दिली होती. मला त्यात कमीपणा वाटला नाही. पाटीवर चुकलं की पुसता येतं, वही संपत नाही, आणि माझं अक्षर आजही चांगलं आहे ते त्या पाटीमुळेच, हे मी तिला जरा जोर देऊनच सांगितलं.

पण हे लिहायला बसले ते पाटीमुळे नाही. सहलीत बाईंनी मुलांना 'वेल्श नॉट'ची गोष्ट सांगितली होती. एकोणिसाव्या शतकात इथल्या अनेक शाळांमधून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत. दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला की तो तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. या सहलीला जोडून गृहपाठ आला: आईबाबांना त्यांच्या शाळेबद्दल पाच प्रश्न विचारा. शाळेत कसं जायचात, काय खायचात, आवडता विषय कोणता. चौथा प्रश्न: तुम्हाला शाळेत तुमच्या घरची भाषा बोलायची मुभा होती का?

लेक पेन्सिल धरून बसलेली, आणि मला उत्तर देता येईना.

हो म्हणणं खरं होतं. आमची शाळा सरकारी मराठी शाळा. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगड दिसतो त्या टापूत. दारावरच्या फलकावर कन्नडमध्ये 'सरकारी हिरिय प्राथमिक मराठी शाले' असं लिहिलेलं, पण आत पाय ठेवला की सगळं मराठी. गणित मराठीत, विज्ञान मराठीत, बाईंचा ओरडा मराठीत. कर्नाटक सरकारच्या पगारावर कर्नाटक सरकारची पुस्तकं आम्हाला मराठीतून शिकवली गेली. ज्या १९५६ साली आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, त्याच साली घटनेत ३५०-अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. त्याचा फायदा मी पुरेपूर घेतला. कुणी माझ्या गळ्यात काही अडकवलं नाही. इतिहासात शिवाजी महाराज होते तशा कित्तूरच्या राणी चन्नम्मा होत्या, आणि खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णाही होता. सहावीत मी रायण्णावर भाषण करून पहिला नंबर काढला होता, मराठीतून.

तरी नुसतं 'हो' लिहायला हात धजेना. त्याला कारण इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या आणि इथलं टपाल.

चार वर्षं झाली इथे येऊन, पण अजून त्याची सवय होत नाही. कौन्सिलचं पत्र येतं ते वेल्श आणि इंग्रजीत. दवाखान्याची तारीख दोन भाषांत. कचरा कोणत्या वारी न्यायचा त्याचा कागद दोन भाषांत. रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला पांढऱ्या अक्षरांत जो शब्द रंगवलेला असतो त्याचा उच्चार 'आरव', म्हणजे हळू. स्टेशनवर घोषणा आधी वेल्शमध्ये होते आणि मग इंग्रजीत. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे होते १७.८ टक्के, साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी उत्तम येतं. तरीही कुणी म्हणत नाही की इंग्रजी येतंय ना, मग वेल्श कशाला हवं.

आपल्याकडेही राज्यपुनर्रचनेनंतर जी संरक्षणं ठरली त्यांत १५ टक्क्यांचा निकष आहे. जिथे अल्पसंख्याक भाषिक तेवढे असतील तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत. बेळगाव, खानापुरात मराठी माणूस १५ टक्के आहे की नाही हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. आणि एका कचेरीत माझे वडील, आप्पा, सातबारासाठी तीन खेपा घालून आले, तेही सांगायला नको. उतारा मिळाला तो कन्नडमध्ये. त्यावर आपलंच नाव बरोबर आहे की नाही हे त्यांनी बाहेर टपरीवर बसलेल्या लिहिणाऱ्याला १० रुपये देऊन वाचून घेतलं. स्वतःच्या जमिनीवरचं स्वतःचं नाव. मी तेव्हा सोबत होते, कॉलेजात होते, आणि मलाही ते धड वाचता आलं नव्हतं.

इथे पहिल्यांदा दोन भाषांतलं पत्र हातात आलं तेव्हा मला आप्पांची ती टपरी आठवली होती. नवऱ्याला वाटलं बिल जास्त आलंय.

इथल्यांना हे आयतं मिळालं असंही नाही. १९६२ साली भाषेसाठी संघटना निघाली, पोरांनी इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, पाट्या उखडल्या, त्यासाठी तुरुंगात गेली. हे ऐकताना मी कुठे होते सांगू? मनाने बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवर. २०१४ च्या जुलैमध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला तो फलक हटवला, गावाने पुन्हा उभारला, पुन्हा हटवला, आणि त्यानंतर गावाने पोलिसांचा जो मार सोसला तो सगळ्यांनी पाहिलाय. इथे रंग फासणाऱ्यांचं म्हणणं शेवटी सरकारने ऐकलं आणि पाट्या दोन भाषांत झाल्या. आमच्याकडे कुणाचं म्हणणं कुणी ऐकलं?

हे सगळं नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगू? मी तिला चॉकलेटची गोष्ट सांगितली.

चौथीत होते. १ नोव्हेंबर. शाळेत राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिवस, लाल-पिवळा झेंडा, रांगेत उभं राहून कन्नड गीत. घरी मात्र तो काळा दिवस, कारण १९५६ ला याच तारखेला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं. आप्पा सकाळीच शर्टावर काळी फीत लावून सायकल फेरीला बेळगावात गेलेले. शाळेत जाऊ नको असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण जा असंही नव्हतं सांगितलं. मी गेले. कन्नडच्या सरांनी प्रत्येकाच्या हातावर कागदात गुंडाळलेलं एकेक चॉकलेट ठेवलं. माझ्या मैत्रिणीने घेतलं नाही. मी घेतलं. तिथे खायची लाज वाटली, घरी न्यायची भीती वाटली. शेवटी भाताच्या खळ्यामागे बसून एकटीने खाल्लं. गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणून रडू आलं.

लेक म्हणाली, "पण सर वाईट होते का?"

नव्हते. बैलहोंगलकडचे होते, सायकलने यायचे, धोतर नेसायचे. पेन्सिलीला 'बळप' म्हणायचे. आमची बाराखडी 'आ आईचा' अशी, त्यांची 'आ आने', आने म्हणजे हत्ती. फळ्यावर हत्ती इतका छान काढायचे की पुसायचा नाही म्हणून आम्ही हट्ट करायचो. एकदा त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या आजोबांना मुंबई इलाख्यात शाळा मिळाली ती मराठी, घरात कन्नडशिवाय शब्द नसताना. एकोणिसाव्या शतकात शिक्षणखात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी धारवाडकडे कन्नड शाळांसाठी खस्ता खाल्ल्या त्या असल्याच शाळांमुळे. तेव्हा आम्हाला वाटलं, सर आपल्या बाजूचं सांगतायत. आज 'वेल्श नॉट' ऐकल्यावर त्यांचे आजोबाही मला दिसतात. इतकी वर्षं तो लाकडाचा तुकडा मी फक्त आमच्याच गळ्यात बघत होते.

म्हणून आमचं दुःख खोटं ठरत नाही, हेही इथेच लिहिते. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबारात माणसं गेली. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात उभी राहिलेली माणसं गेली, त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. आप्पांच्या ओळखीतली घरं होती ती. आजोबांच्या शाळेची भरपाई नातवांच्या गोळ्यांनी होत नसते.

तर मी कन्नड शिकले नाही. मुद्दामच. सर शिकवायचे, मी खिडकीतून बाहेर बघायचे, आणि त्याला निष्ठा समजायचे. दहावीला ६२५ पैकी ५२० मार्क, मराठीत १२५ पैकी ११२, आणि कन्नडला काठावर पास. घरी कुणी रागावलं नाही. मला वाटलं आप्पांना आतून आनंदच झाला असेल.

आता लेकीला इथे वेल्श आहे, आणि तेही सक्तीचंच. सोळाव्या वर्षापर्यंत वेल्समधल्या प्रत्येक मुलाला शिकावं लागतं. मी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. उलट ती 'बोरे दा', म्हणजे सुप्रभात, म्हणत उठते तेव्हा मी कौतुकाने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवते. पुण्याच्या मावसबहिणीने विचारलंच, "तिकडची सक्ती गोड आणि आपल्याकडची कडू होय गं?" दोन दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. मग कळवलं ते असं: इथे मी भाड्याच्या घरात आहे, घरमालकाच्या चालीरीती पाळायला मला काही वाटत नाही. तिथे घर माझंच होतं. आणि इथे दुसरी भाषा शिकवतात ती पहिल्या भाषेतला कागद हिसकावून घेऊन नाही. अजूनही मला हे उत्तर पटतं. पूर्ण पटतं असं म्हणवत नाही, कारण सरांनी माझ्याकडून काही हिसकावलं नव्हतं. हिसकावणारे वेगळे होते, आणि मी राग धरला तो हत्ती काढणाऱ्या माणसावर.

आणखी एक, कुणी विचारायच्या आधी. लेक घरी मराठीच बोलते, बेळगावची मराठी, 'काय करूलैस' सकट. वाचता मात्र येत नाही अजून. आठवड्याला इंग्रजी, वेल्श, पोहणं, आणि आम्ही दोघंही नोकरीवर. या उन्हाळ्यात बसवणार आहे तिला बाराखडीला, पाटी घेऊनच.

शनिवारी तिने गृहपाठ आज्जाला वाचून दाखवायचं ठरवलं. इथे सकाळ, तिकडे दुपार, आप्पा जेवून सोप्यात बसलेले. ती इंग्रजीत लिहिलेलं मराठीत करून सांगत होती. चौथ्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, 'हो, पण सरकारच्या कागदांवर नाही. आणि आईने एक चॉकलेट लपून खाल्लं.' तेहतीस वर्षं मी जे त्यांना सांगितलं नव्हतं ते ती मोठ्याने वाचून मोकळी झाली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी.

आप्पा म्हणाले, "ठावं हाय की. स्कर्टाच्या खिशात कागद घावलेला तुज्या आज्जीला."

मी पुढे येऊन विचारलं, मग बोलला का नाहीत कधी?

"काय बोलायचं? मास्तरानं दिलेलं पोरानं घ्यावं." मग लेकीला विचारलं, तुला ती तिकडची भाषा येती काय गं, बोल बघू. तिने हवामानाचं काहीतरी म्हणून दाखवलं. आप्पांनी तिला कन्नडमध्ये उत्तर दिलं, दोन-तीन वाक्यं सरळ, न अडखळता. मार्केट यार्डात भात विकताना आयुष्यभर बोललेलं कन्नड. ती खिदळत म्हणाली, आज्जा, आणखी बोल. ते बोलत राहिले. काय म्हणाले ते मला निम्मंच कळलं.