'रन'वाल्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. गॅदरिंग आहे, जुन्या इमारतीचा लाकडी जिना आहे, पालखीच्या दिवसांतली धांदल आहे. त्यावर बाकीचे भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते आपल्या इंग्रजीच्या बाईंबद्दल. त्यांचं नाव द्यायची गरज नाही. ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही 'रनवाल्या बाई' म्हटलं की पुरे.

आमचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं. आठवीत बाई वर्गावर आल्या तोवर 'रन' म्हणजे पळणे, आणि 'रन-रॅन-रन' एवढं घोटून झालं होतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चार वाक्यं लिहिली. डेक्कन क्वीन पुणे-मुंबई धावते. मुठा शहरातून वाहते. लक्ष्मी रोड अलका टॉकीजच्या चौकातून कँपाच्या दिशेला जातो. मागच्या बाकावरच्या एकाच्या वडिलांचं दुकान चांगलं चालतं. मग एकेका वाक्यातलं क्रियापद पुसून चारही ठिकाणी त्यांनी एकच शब्द लिहिला. धावणं, वाहणं, जाणं, चालणं या सगळ्यांना इंग्रजीत 'रन' चालतो! रस्ता जागचा हलत नाही, तरी मराठीत तो जातो आणि इंग्रजीत धावतो, हे सांगताना बाईंचा चेहरा असा उजळायचा की आम्हालाही ती आपली स्वतःची मिळकत वाटायची.

त्यानंतर 'रन'चा नादच लागला. घरचे पाठकोरे कागद कापून प्रत्येकाने चिठ्ठ्या करायच्या, इंग्रजी पेपरात किंवा कुठेही 'रन' दिसला की वाक्य उतरवायचं, खाली मराठी अर्थ लिहायचा आणि चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. 'टु रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप असणं. 'रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपणं. मुलांना तोवर रनआउट फक्त मैदानावरचा ठाऊक. 'रन इंटू' म्हणजे कुणीतरी अवचित भेटणं. निवडणुकीचं तर फारच गमतीचं. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडातला 'स्टँड' करतो, आणि आपलाही उभाच राहतो.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने चिठ्ठी वाचली, 'द टॅप इज रनिंग.' सगळे हसले. नळ कुठे पळतो? बाई रागावल्या नाहीत. 'चला' म्हणाल्या आणि अख्खा वर्ग पटांगणातल्या नळकोंडाळ्यावर नेला. त्या मुलालाच नळ सोडायला सांगितला. त्याने तो पूर्ण सोडला, पाणी भळाभळा येऊन फरशीवर उडालं, बाईंच्या साडीच्या निऱ्या भिजल्या. 'हे गश,' बाई म्हणाल्या. थोडा आवळायला लावला, सरळ धार पडायला लागली. 'हा आपला रन.' आणखी आवळला, करंगळीपेक्षा बारीक धार. 'ट्रिकल.' शेवटी थेंब थेंब. 'ड्रिप.' मग विचारलं, 'फ्लो' कुठे बसेल? कुणी म्हणालं, धारेला. बाईंनी दोन वाक्यं म्हणून दाखवली. 'वॉटर इज फ्लोइंग' चालेल, 'टॅप इज फ्लोइंग' चालणार नाही. पाणी वाहतं, नळ वाहत नाही. पण इंग्रजाचा नळ 'रन' मात्र होतो. समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा डोळे मिटून ठेवायचा शब्द नव्हे, हे मी त्या नळाशी शिकले. आयुष्यभर पुरलं. त्या मुलाला पुढे वर्गात कुणी हसलं नाही.

चिठ्ठ्यांची कल्पना कुठून आली, हेही बाईंनी सांगितलं होतं. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश तयार होतोय. सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत रचून ठेवल्यात. पहिला खंड १९७६ मध्ये आला, काम आजही चालू आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोशही असाच झाला. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केलं, लोकांनी पोस्टाने चिठ्ठ्या पाठवल्या, आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं. आपल्या गावात एवढं काम चाललंय हे आम्हा पेठेतल्या पोरांना बाईंमुळे कळलं. ऑक्सफर्डच्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती. पुढे सुधारणा करताना 'रन' त्याच्यावर गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ही बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी आपला बिस्किटांचा डबा आठवला. बाईंनी त्याच शब्दावर बोट ठेवलं होतं!

मी आज भाषांतराचं काम करते. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या सूचना, मोबाइलवरची अ‍ॅप्स मराठीत आणणं हा माझा व्यवसाय आहे आणि तो बाईंच्या जोरावर चाललाय. मागे एका धुलाईयंत्राच्या पुस्तिकेचा यंत्राने केलेला मराठी मसुदा तपासायला आला. त्यात छापलं होतं, 'गडद रंग धावू शकतात.' मूळ वाक्यात 'रन' होता. मी तिथे 'गडद कपड्यांचा रंग जाऊ शकतो' असं केलं. कपड्याचा रंग आपल्या घरात जातो, दुसऱ्या कपड्याला लागतो, धावत नाही. असं वाक्य सुधारताना बाई मागे उभ्या आहेत असं वाटतं.

सध्याचं पाहून मात्र जीव तुटतो. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, मुलं आमच्यापेक्षा कितीतरी धीटपणे बोलतात, त्याचा मला आनंदच आहे. पण भाचीच्या गाइडात 'रन'समोर 'स्प्रिंट, डॅश, फ्लो, मॅनेज' अशी रांग छापलेली आहे आणि ती तशीच पाठ करायची आहे. दुकान 'मॅनेज' होईल, नदी होईल का? हे विचारायला वर्गात वेळ नाही, असं ती म्हणते. आणि पटांगणात पेव्हर ब्लॉक घालताना नळकोंडाळंही काढून टाकलंय, हे मागच्या खेपेला पाहिलं. फार वाईट वाटलं.

समितीला एक विनंती आहे. तो पत्र्याचा डबा वाचनालयाच्या जुन्या कपाटात असेल तर महोत्सवाच्या प्रदर्शनात जरूर मांडा. आमच्या तुकडीतल्या कुणाकडे चिठ्ठ्या राहिल्या असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. आणि मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर येत्या जूनपासून शनिवारी सकाळी आठवीच्या वर्गावर यायला मी तयार आहे. सुरुवात 'गेट-गॉट'मधल्या 'गेट'पासून करू. पाठकोरे कागद मी घेऊन येईन.