बारसेचं पारणं

"आई, तुम्ही बसा, मी करते." हे गेल्यापासून तीन वर्षं दिवसातून दहादा हे ऐकते. सून मनापासून म्हणते, तिच्याबद्दल तक्रार नाही. मुलगा गोळ्या आठवणीने आणतो, गुडघ्याचे पट्टेही त्यानेच आणले. पण शेत विकायचं ठरलं तेव्हा माझ्यासमोर कागद आला तो थेट सहीलाच. मी "ठेव, बघते" म्हटलं, तर बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं, "आईला काय विचारायचं त्यात?" त्या शेतात मी चाळीस वर्षं निंदलं, कापूस वेचला. कोणत्या बांधाला पाणी मुरतं ते झोपेतही सांगेन. त्या रात्री घास गेला नाही.

ज्येष्ठात कोथळीच्या जुन्या मंदिरातून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली, तिच्यामागे मीही निघाले. वय ६६. रस्ता जवळपास महिनाभराचा.

पहिल्याच मुक्कामी गावातल्या बायका हळद-कुंकू घेऊन आल्या. मी सवयीने मागे सरले. आमच्या दिंडीत रावेरकडच्या एक आक्का आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी माझा दंड धरला. "मांगं कुठं चालली वं माय? इकडं ये." आणि बुक्क्यात बोट बुडवून माझ्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. तसाच स्वतःच्या कपाळाला, तसाच शेजारच्या नव्या नवरीला. तीन वर्षांत माझ्या कपाळाला दुसऱ्या कोणाचं बोट लागलं नव्हतं.

मोताळा सोडून राजूर घाट चढताना गुडघा धरला, टाचेला फोड आला. बुलढाण्याच्या मुक्कामाला आक्कांनी माझा पाय मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. मग तेल चोळलं. मी पाय ओढून घेत होते. वयाने मोठ्या बाईने माझ्या पायाला हात लावावा! त्या सोडेनात. तेवढ्यात आमचा पखवाजवाला पोरगा आला, "माउली" म्हणत पाया पडला. वारीत पाया पडलेल्याच्या पाया आपणही पडायचं असतं. मला वाकता येईना, तर तोच माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझे हात आपल्या पावलांवर ठेवून घेतले. नातवाच्या वयाचा होता.

पण सांगायचं आहे ते बारसेचं, म्हणजे द्वादशीचं. मराठवाड्यात शिरलो होतो. वद्य एकादशीचा उपवास झाला, दुसऱ्या दिवशी पारण्याला मुक्ताईला मांड्यांचा नैवेद्य करायचं ठरलं. मुक्ताईला मांडे खावेसे वाटले आणि गावाने त्या पोरीला खापरही मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले, ही कथा आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. आक्कांनी ट्रकमधून खापर काढलं. "मांडे कोनाले येतात?" तरण्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हल्ली मांडे बचतगटाकडून विकत येतात. आमच्या घरीही तसंच.

"मला येतात," मी म्हटलं. आवाज मलाच ऐकू आला नसेल.

भिशी, म्हणजे दिंडीचा स्वयंपाक, सांभाळणारे बुवा समोर येऊन बसले. "माउली, ऐंशी माणसं आहेत. गहू किती, डाळ किती, तुम्ही सांगा." वही उघडून, पेन धरून ते थांबले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. एकदाही "बघतो" म्हणाले नाहीत.

कणीक पाणी लावत लावत मळली, तार सुटेपर्यंत. चूल पेटवून खापर उपडं टाकलं. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत लांबवला. पहिला मांडा फाटला. दुसराही जाड झाला. तिसऱ्याला हातांना आठवलं. पलीकडचा जाळ आरपार दिसेल इतका पातळ मांडा खापरावर पडला, चर्र आवाज झाला. दोघी तिघी पोरी जवळ येऊन बसल्या. एकीने बाह्या सारल्या, "आजी, मला दाखवा ना." तिचे मनगट धरून वळवायला शिकवत होते तेवढ्यात फोन वाजला. तिनेच तो माझ्या कानाला लावला. मुलगा होता.

"आई, पाय कसे आहेत? गाडी पाठवू का?"

"पाय बरे आहेत. नको पाठवू गाडी."

"आणि त्या कागदाचं?"

"कागद देव्हाऱ्याखाली आहे. तिथेच राहू दे. मी आल्यावर वाचीन, मग आपण दोघं शेतात जाऊन बोलू."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं. आवाज कसला येतोय तिकडे?"

"मांडे करतेय," मी म्हटलं. "ठेव आता, खापर जास्त तापलं."