तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या जेवणाच्या टेबलाचे बाक

घरी जेवायला आलेलं माणूस आधी बाकावरून हात फिरवतं आणि मग विचारतं, हे खरंच घरी केलेत? किती पडले? गेल्या महिन्यात नणंदेने पुढचाही प्रश्न विचारला, "वहिनी, मला जमेल का गं?" तिला फोनवर अर्धवट सांगितलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता सगळं लिहून काढते.

आधी पैशांचं. २०२२ साली दोन बाकांना मिळून ६,५०० रुपये लागले. लाकूड ४,८००, गिरणीत कापायची आणि रंधा मारायची मजुरी ७००, गोंद, स्क्रू आणि पॉलिश पेपर ६५०, तेल ३५०. दोन पटाशा (लाकडात भोक पाडायच्या) आणि दोन शिकंजे (सांधा आवळून धरायचे) घेतले त्याचे १,३५० वेगळे. ड्रिल घरात होतं. नव्या सागवानात असेच दोन बाक करून द्यायचे मला १८,००० सांगितले होते. मजुरी वाचली हे खरंच, पण माझ्या मते खरी बचत जुन्या लाकडात झाली.

पुण्यात जुने वाडे पडतात तेव्हा त्यांचं लाकूड वखारीत येतं. खांब, तुळया, दारांच्या चौकटी आणि कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या. खांबांना आणि कोरीव दारांना गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि भावही चढा असतो. कड्या मात्र धुरकटलेल्या, खिळ्यांनी भरलेल्या, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या असतात. आपल्याला त्याच हव्यात. दोन कड्या घेतल्या, प्रत्येकी साडेसहा फूट लांब आणि चार बाय पाच इंच जाडीच्या, शिवाय दीड इंच जाड चार फळ्या. सगळं मिळून साधारण तीन घनफूट भरलं. चार फुटी बाकाला अंगचं लाकूड पाऊण घनफुटापेक्षा थोडं जास्त लागतं, पण जुन्या लाकडात तडे आणि कुजलेली टोकं कापून टाकावी लागतात, म्हणून दीडपट धरा.

वखारीत जाताना दोऱ्याला बांधलेलं एक चुंबक खिशात असू द्या. कडीवरून हळूहळू फिरवलं की आत मोडून राहिलेल्या खिळ्यापाशी ते ओढलं जातं. तिथे खडूने खूण करायची. गिरणीवाला खिळ्याचं लाकूड करवतीला लावत नाही, पातं जातं आणि माणसालाही इजा होऊ शकते. मी दोन संध्याकाळ बाल्कनीत बसून सत्तावीस खिळे काढले. मग गिरणीत कडी चिरली गेली. वरून काळीकरडी दिसणारी ती कडी आत मधासारखी पिवळसर तपकिरी निघाली आणि चामड्यासारखा, किंचित औषधी असा सागाचा वास सगळीकडे पसरला. इतक्या वर्षांनंतरही तेल होतं तिच्यात. खिळ्यांच्या जागी लोखंडाचे काळे डाग राहिले. ते मी घासून काढले नाहीत.

खुर्च्या का नाहीत, हेही बरेच जण विचारतात. आमची जेवणाची जागा दहा फूट बाय सात फूट. आम्ही वर्षानुवर्षं खाली पाटावर बसून जेवत होतो. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा टेबल आलं. खुर्च्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या की स्वयंपाकघरात जायला वाट उरत नव्हती. बाक टेबलाखाली पूर्ण सरकतो. सासूबाईंसाठी मात्र टोकाला पाठीची खुर्चीच ठेवली आहे. बिनपाठीच्या बाकावर वयस्कर माणसाला बसवू नये, हे मी आग्रहाने सांगते.

आता उंची, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टेबल बहुधा २९ ते ३० इंच असतं आणि बाक १८ इंच ठेवतात. मी विटांवर जुनी फळी ठेवून आम्ही तीन दिवस तिच्यावर बसून जेवलो. १८ इंचांवर माझ्या टाचा टेकत नव्हत्या, लेकीचे तर पाय लोंबकळत होते. १७ वर सगळ्यांचं नीट बसलं. टेबल २९ चं आहे, म्हणजे मध्ये १२ इंच उरले. लांबी टेबलाच्या दोन पायांमधल्या अंतरावरून ठरवा. आमच्याकडे ते ५२ इंच आहे, म्हणून बाक ४८ चा. एका मोठ्या माणसाला २४ इंच लागतात, म्हणजे दोघं ऐसपैस बसतात आणि पोरं असली तर तिघं. बसायची रुंदी १२ इंच.

या सागवानी बाकांच्या आधी मी पॅकिंगच्या पाईनच्या फळ्यांचा एक बाक केला होता. दिसायला छान म्हणून पाय दोन्ही टोकांपासून दहा-दहा इंच आत घेतले. एका रविवारी भाचा टोकाला बसला होता, दुसऱ्या टोकाचा मुलगा उठला आणि बाक उलटला. भाच्याचं डोकं भिंतीवर आपटलं. टेंगूळ आलं, त्यापलीकडे काही झालं नाही, पण तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. माणूस पायांच्या बाहेर बसला की बाकाचा तराजू होतो. आता आमच्या बाकांचे पाय टोकापासून तीनच इंच आत आहेत. तुम्ही इतर काहीही बदला, हे बदलू नका.

त्याच बाकाने दुसरंही एक शिकवलं. आडव्या पट्ट्या मी पायांना नुसत्या स्क्रूने जोडल्या होत्या. तीन महिन्यांत तो डुलायला लागला. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवला. त्यांनी पट्टीच्या टोकावर नख ठेवलं. "वहिनी, इथे सगळे धागे उभे येतात. स्क्रू धाग्यांच्या मधून जातो, धरणार कशाला?" मग त्यांनी मला कुसू करायला शिकवलं. पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी कापून जीभ ठेवायची आणि पायात पटाशीने तेवढंच भोक पाडायचं. पहिलं भोक पाडायला मला पाऊण तास लागला, सोळावं वीस मिनिटांत झालं. कुसू हाताने दाबून आत गेलं पाहिजे आणि बाक उचलल्यावर गळून पडता कामा नये. हातोडी मारावी लागली तर पाय चिरतो. सागाच्या तेलावर गोंद नीट धरत नाही, म्हणून जोडायच्या आधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावायचा आणि रात्रभर शिकंज्यात ठेवायचं. चार वर्षांत एकही सांधा हललेला नाही.

वरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवू नका. मध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. जागा नसेल तर फळी वाकते किंवा तडकते. स्क्रू खालून मारले आणि आडव्या पट्टीतली भोकं किंचित लांबट ठेवली, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. फटीतून भाताची शितं खाली पडतात. ती झाडून घेता येतात.

चकचकीत पॉलिश केलं नाही. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल मिळतं, त्याचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळू दिलं. आमटी सांडली तर ओल्या फडक्याने पुसायची. डाग राहिलाच तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल. एक गोष्ट जपा. तेलाचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. मी पाण्यात भिजवून, पसरून, बाहेर वाळवते आणि मगच टाकते.

आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि ते पाणी पायांच्या तळातून वर चढतं. बाक कुजतो तो तिथूनच. म्हणून तळाला तेल चार-पाच वेळा, पिऊ देईल तेवढं पाजा आणि खाली रबरी बुश बसवा.

नणंदेला जमेल का? ती गोधडी शिवते, तिच्या टाक्यांना माप असतं, तेव्हा तिला नक्की जमेल. पहिला बाक पाईनचाच करावा, सातशे रुपयांत होतो आणि पटाशी धरायची सवय लागते. दिवाळीनंतर ती येणार आहे. येताना तिच्या टेबलाची उंची, दोन पायांमधलं अंतर आणि घरातल्या सगळ्यांची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची मापं लिहून आणायला सांगितली आहेत. कड्या बघायला आम्ही दोघी मिळून जाऊ. चुंबक मी घेईन.