मंगळवारचा तास आणि जिन्यावरची पेटी

आमच्या शाळेतली तक्रारपेटी आधी हेडसरांच्या खोलीसमोर होती. निळी, पत्र्याची, कुलूपबंद, वर सीसीटीव्ही. परिपत्रकाप्रमाणे सगळं बरोबर. दर आठवड्याला उघडायचो आणि आत निघायचं काय, तर चॉकलेटचे कागद आणि एकदा ‘पीटीचे तास वाढवा’. आम्हाला वाटायचं, चला, आपल्याकडे पोरांना काही त्रास नाही. मग नववीतल्या एका मुलीनं सरळ सांगितलं, “मॅडम, चिठ्ठी टाकताना हेडसरांच्या खिडकीतनं दिसतंय की.”

ग्रंथालयाकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर पेटी हलवली. तिथून पोरांची येजा असते, पण थांबून कुणी बघत नाही. पुढच्याच आठवड्यात सात चिठ्ठ्या निघाल्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या पोरांच्या घरी यंत्रमाग, नाहीतर विड्या. शाळेत मराठी, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, गल्लीत हिंदी. आयुष्मान भारतखाली २०२० मध्ये शालेय आरोग्याचा कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, हेल्थ ॲम्बेसेडर म्हणून निवडायचे होते. आमच्याकडून मी आणि पीटीचे सर. आठवड्याला एक तास, मंगळवारी. एकूण ११ विषय, त्यातला दहावा हिंसा आणि इजांपासून सुरक्षिततेचा.

पहिल्या वर्षी तो दहावा विषय आम्ही दहाव्याच नंबरला ठेवला. आहार झाला, स्वच्छता झाली, व्यसनं झाली. हिंसेपर्यंत येईस्तोवर मार्च उजाडला, परीक्षा आल्या आणि एका तासात तक्ता दाखवून आम्ही मोकळे झालो. रजिस्टरवर सही झाली. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना झाली आणि काही दिवसांतच शासन निर्णय आला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, गैरप्रकार कळल्यावर २४ तासांच्या आत वरिष्ठांना कळवणं. सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती, २०२२ पासूनच असायला हवी होती. आमच्याकडे ती कागदावर होती. समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पालक महिला, दोन मुलं, दोन मुली, सगळ्यांची नावं फाइलला लावलेली. एकत्र बसलेले कधीच नव्हते. पहिली खरी बैठक सप्टेंबरात झाली. अंगणवाडीच्या ताई त्या दिवशी जे बोलल्या, ते आम्हा शिक्षकांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. म्हणाल्या, “पोरं तुमच्याकडं यायच्या आधी माझ्याकडं असतात. कुठल्या घरात काय चालतंय, मला माहीत असतंय. मला कधी विचारलंच नाही कुणी.”

त्या वर्षी मंगळवारच्या तासांची सुरुवात दहाव्या विषयापासून केली.

हिंसा म्हणजे काय, असं विचारल्यावर वर्ग म्हणाला मर्डर, चाकू, भांडण. पुढं जाईना. मग मी विचारलं, तुमच्या घरी रागाला काय म्हणतात? कुणी म्हणालं कोपम, कुणी सिट्टु, कुणी गुस्सा. चारही शब्द फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाला म्हटलं, तो अंगात पहिल्यांदा कुठं कळतो ते सांगा. कान गरम होतात. जबडा आवळतो. पोटात गोळा येतो. मागच्या बाकावरचा, महिन्यातून दोनदा तरी मारामारीत सापडणारा मुलगा म्हणाला, “बोटं थंड पडतात, मॅडम.” त्यानंतर पीटीच्या सरांनी त्याच्याशी एकच ठरवलं: बोटं थंड पडली की मैदानाला एक चक्कर मारून यायची, परवानगी विचारायची गरज नाही. मारामाऱ्या बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. पण तो चक्कर मारायला जाताना मी स्वतः पाहिलाय.

‘सुटल्यावर गेटवर भेट’ हे वाक्य आमच्याकडे दर आठवड्याला ऐकू येतं. भांडणारे दोघंच असतात, वीस जण बघायला जमतात. आम्ही सराव त्या विसांचा घेतला. मध्ये पडायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. आपला जो मित्र आहे त्याचा दंड धरून “चल, क्लासला उशीर होतोय” एवढंच म्हणायचं आणि त्याला चालतं करायचं. त्याला माघार घेतल्यासारखं वाटत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधीही असाच एक तास घेतला: होम मैदानावर गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर कुठं वळायचं, कुणाला हाक मारायची, काय ओरडायचं. मुली बोलत होत्या, मुलं मान खाली घालून ऐकत होती.

अवघड भाग त्याच्या पुढचा होता. एके दिवशी पेटीत चौकोनी वहीच्या पानाची आठ घड्या घातलेली चिठ्ठी आली. त्या मुलीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. इयत्ता नाही, घर नाही, माणूस कोण तेही नाही. फक्त आम्ही काय केलं ते लिहिते, कारण असं काही हातात आलं तर आपल्यापैकी बहुतेकांचे पाय तिथेच लटपटतात.

माझी पहिली चूक अशी, की तासाला मी पोरांना शब्द दिला होता, ‘मी कुणालाही सांगणार नाही.’ तो शब्द शिक्षकाला देता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवावीच लागते, नाही कळवली तर तोही गुन्हा. आता मी म्हणते, “ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही, तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून नाही, पण तुला सांगून.” ऐकायला कडक वाटतं. मुलांना ते पटतं, कारण ते खरं असतं.

स्टाफरूममध्ये सूर निघालाच: आधी घरच्यांना बोलवू, मुलीचं नाव खराब होईल, शाळेचंही होईल. मी १०९८ ला फोन लावला. चाइल्डलाइन मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते. पलीकडच्या बाईंनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं: पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहा, स्वतःची भर घालू नका, ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला तुम्ही जाब विचारायला जाऊ नका. तो कागद मी हेडसरांपुढे ठेवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग पोलिसांकडे जायला स्वतः गाडी काढली. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत मुलीच्या घरी आल्या. कायद्यातच तसं सांगितलंय, वर्दी नको, शक्यतो महिला अधिकारी, मुलाला सोयीची जागा. गल्लीतल्या कुणाला कळलंसुद्धा नाही. ती मुलगी आज शाळेत येते.

दुसऱ्या एका चिठ्ठीत ‘सर पट्टीनं मारतात’ असं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, असा मुद्दा बैठकीत निघाला. नववीतल्या पोराला पट्टी कमी लागते का, असं मी विचारलं. त्या सरांनी नंतर पट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली, काही न बोलता. मला ते फार मोठं वाटलं.

पालकसभा दोनदा फसली. पहिल्यांदा त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून कोण येणार? दुसऱ्यांदा सकाळची वेळ ठेवली, तेव्हा आया विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या. तिसऱ्यांदा आम्हीच त्यांच्या वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर गेलो, संध्याकाळी पाचला. काही जणी मांडीवर सूप घेऊनच बसल्या. हात थांबत नव्हते: पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मी १०९८ सांगितला, पेटीबद्दल सांगितलं, मुलांच्या बोलण्यातल्या खुणा सांगितल्या.

शेवटी कडेला बसलेल्या एका आईचे हात थांबले. तिनं विचारलं, “मॅडम, पोरांचं झालं. घरात बाईला मारतात, ते पण यात येतंय का?”

मी म्हटलं, येतं. कौटुंबिक हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर आहे. तिनं विडीच्या कट्ट्याच्या कागदावर तो लिहून मागितला. मी लिहून दिला. मग तिच्या शेजारणीनं कागद पुढे केला, मग तिच्या शेजारणीनं.